बोटं पांढरी पडतात, तर छातीही तपासा

पत्र : नमस्कार डॉक्टर. आम्ही भांडुपला राहतो. माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या वर्गात एसी बसवला, तेव्हापासून तिची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी होतात, मग लाल होऊन ठणकतात. आधी ‘रक्त कमी आहे’ म्हणून टॉनिक आणि कॅल्शियम झालं. यंदा बोटं सुजल्यासारखी जाड झाली आहेत, कातडी ताणलेली दिसते, मूठ वळत नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. जेवायला तास लागतो. स्किनच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, ‘स्क्लेरोडर्मा’ आहे म्हणाले. एएनए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे. त्यांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, तर मेडिकलवाला म्हणाला हे कॅन्सरचं औषध आहे. सासूबाई म्हणतात, तेलाने रगडून मालिश करा आणि गावाकडच्या वैद्यांचं भस्म द्या. शेजारच्या बाई ‘महारोग तर नाही ना’ विचारून गेल्या. परवा घरच्या ऑक्सिमीटरवर ८७ आकडा आला आणि आम्ही रात्रभर जागे होतो. औषध सुरू करू का? आणि मुलीला काय सांगू? — एक आई

ताई,

आधी त्या ८७ चं बोलू, म्हणजे आज रात्री तरी झोपाल. ऑक्सिमीटर बोटातून वाहणाऱ्या रक्तावर आकडा काढतो. तुमच्या मुलीच्या बोटांत थंडीने रक्तच पोहोचत नाही, त्यामुळे तिच्या गार बोटावर लावलेला चिमटा खोटा आकडा दाखवू शकतो. या आजारात हे नेहमी घडतं. म्हणून रुग्णालयात कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर सेन्सर लावून मोजतात. ती बोलताना धापा टाकत नसेल, ओठ निळे नसतील, जिना चढून पूर्वीसारखीच खेळत असेल, तर रात्रीतून धावपळ करायचं कारण नाही. यातलं काहीही बदललं, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडली, बीपी वाढलं किंवा सतत डोकं दुखून दिसायला अंधुक झालं, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी बराच वेळ अडखळले. ‘रक्त कमी आहे म्हणून टॉनिक झालं.’ हे मीसुद्धा केलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन येत असे. डिसेंबरात सकाळच्या शाळेला निघताना मुलीची बोटं पांढरी पडतात, असं तिने मला तीनदा सांगितलं. मी तीनदा म्हटलं, मुंबईत कुठली एवढी थंडी! हिमोग्लोबिन थोडं कमी आलं, मी लोहाचं औषध दिलं आणि सात महिने तेच देत राहिले. तिचा खरा आजार दुसऱ्या डॉक्टरांनी ओळखला, आणि तोवर तो फुप्फुसात शिरला होता. तेव्हापासून पांढऱ्या बोटांची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी मुलीच्या नखांकडे बघते.

मुंबईत थंडी नाही म्हणूनच हे आपल्याकडे निसटतं. या लक्षणाला रेनो म्हणतात; मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याला बर्फ पडावा लागत नाही. घामाघूम अंगाने एसी लोकलमध्ये चढणं, फ्रिजमधली बाटली धरणं, बर्फाचा गोळा, पावसात भिजलेले मोजे, परीक्षेचा ताण, यातलं काहीही पुरतं. बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आकसतात. आधी पांढरं, मग निळं, आणि रक्त परत आलं की लाल. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे सर्वांगाचा स्क्लेरोडर्मा, झालेल्या मुलांची मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात १५३ मुलं होती. साधारण चारपैकी तीन मुलांमध्ये पहिलं लक्षण हेच होतं, आणि तिथून निदानापर्यंत सरासरी जवळपास दोन वर्षं गेली होती. तुमचीही दोनच गेली. स्वतःला दोष देत बसू नका.

(हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी : वयात येणाऱ्या अनेक मुलींना नुसतं रेनो असतं आणि त्यातून पुढे काहीच होत नाही. बोटं सुजत असतील, टोकांना बारीक जखमा होत असतील, एएनए पॉझिटिव्ह असेल किंवा नखाच्या मुळाशी रक्तवाहिन्या फुगलेल्या दिसत असतील, तर पुढे तपासायचं.)

आता तुमच्या हातातल्या रिपोर्टवरचा शब्द. ‘स्क्लेरोडर्मा’ म्हणजे कडक कातडी, एवढाच त्याचा अर्थ. या नावाखाली दोन वेगळे आजार येतात आणि घोटाळा इथेच होतो. एक मॉर्फिया. त्यात अंगावर एखादा चट्टा किंवा हातापायावर, कपाळावर कडक पट्टा येतो. मुलांमध्ये हाच कितीतरी जास्त दिसतो. तो हाड, स्नायू, सांध्यांना त्रास देऊ शकतो, पण सहसा हृदय-फुप्फुसांकडे जात नाही. दुसरा सिस्टेमिक, म्हणजे सर्वांगाचा. तो मुलांमध्ये फार दुर्मीळ आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते, आणि जखम भरायला लागणारा कोलॅजन नावाचा तंतू गरज नसताना कातडीत आणि आतल्या अवयवांत साचत राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांची कातडी बरीचशी सारखी दिसते. म्हणजे तुकड्याच्या रिपोर्टवरून यातला कोणता, हे ठरत नाही. ते मुलीला डोक्यापासून पायापर्यंत तपासून ठरतं.

मी तिला पाहिलेलं नाही, पण दोन्ही हातांची बोटं, रेनो, जेवायला लागणारा वेळ हे सगळं दुसऱ्याकडे, म्हणजे सिस्टेमिककडे, बोट दाखवतं. मुलांसाठी २००७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी निकष ठरवले. सोळा वर्षांच्या आत सुरुवात झालेली हवी. बोटांच्या मुळाशी जी पेरं असतात त्यांच्या वर, म्हणजे तळहाताच्या मागच्या बाजूला आणि पुढे मनगटाकडे, कातडी कडक झालेली हवी. हा मुख्य निकष. त्याच्या जोडीला वीस लहान निकषांपैकी किमान दोन हवेत. त्यांत रेनो आहे, बोटांच्या टोकांच्या जखमा आहेत, अन्ननलिका, फुप्फुस, हृदय, मूत्रपिंडातले बदल आहेत, रक्तातल्या ठराविक अँटिबॉडीज आहेत. एकट्या एएनएवरून निदान होत नाही. तो निरोगी मुलांमध्येही पॉझिटिव्ह येतो. त्याच्यापुढची तपासणी मागा : एससीएल-७०, सेंट्रोमिअर, आरएनपी आणि पीएम-एससीएल या अँटिबॉडीज, शिवाय स्नायूंसाठी सीपीके. मुलांमध्ये स्नायूंच्या आजाराची किंवा ल्युपसची सरमिसळ बऱ्याचदा असते आणि त्यावरून औषध बदलतं.

घरी एक गोष्ट आज संध्याकाळीच बघा. तिला देवाला नमस्कार करायला सांगा. दोन्ही तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का? मध्ये फट राहत असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. तोंड मोठं उघडायला लावा आणि तिचीच किती बोटं उभी आत जातात ते मोजा. सहा महिन्यांनी फरक कळायला हे उपयोगी पडेल. डॉक्टरांकडे याचीच मोठी आवृत्ती असते. अंगावरच्या १७ जागी कातडी चिमटीत धरून ० ते ३ असे गुण देतात, एकूण ५१.

पण ताई, मला तुम्हाला कळकळीने सांगायचं आहे ते कातडीबद्दल नाही. कातडी दिसते, म्हणून सगळं घर कातडीकडे बघत बसतं. या मुलांचं पुढचं आयुष्य ठरवतात ते हृदय आणि फुप्फुसं. आणि तिथला आजार सुरुवातीला काही बोलत नाही. मूल पळतं, हसतं, छाती साध्या एक्स-रेत स्वच्छ दिसते, आणि तरी आत सुरुवात झालेली असू शकते. मुलांमध्ये जे मृत्यू होतात त्यांत हृदयाचा वाटा मोठा असतो आणि ते बहुधा पहिल्या काही वर्षांतच होतात. म्हणून ‘तिला तर काही त्रास नाही’ म्हणून या तपासण्या पुढे ढकलू देऊ नका, कुणी म्हटलं तरीही.

काय काय मागायचं? टूडी ईको, ज्यात फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब मोजलेला असेल. ईसीजी, आणि धडधड होत असेल तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर चालणारा ईसीजी. फुंकण्याची टेस्ट, म्हणजे पीएफटी, आणि तीही डीएलसीओसह, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो तेही मोजून. हा भाग सगळ्या लॅबमध्ये होत नाही, त्यामुळे फोन करून विचारूनच जा. अकरा वर्षांची मुलगी ही टेस्ट नीट देऊ शकते, फक्त आदल्या दिवशी फुगा फुगवल्यासारखा सराव करून घ्या. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, एकदा सुरुवातीला होतो. रेडिएशनची भीती वाटणं साहजिक आहे, पण मुलांसाठी कमी मात्रेत करा असं सांगता येतं, आणि इथे न बघण्याचा धोका जास्त आहे. सहा मिनिटं चालण्याची चाचणी. मूत्रपिंडांसाठी लघवी, क्रिएटिनिन, आणि प्रत्येक भेटीत लहान मुलांच्या पट्ट्याने मोजलेलं बीपी. वजन आणि उंची तर दर वेळी. जेवायला तास लागतो म्हणता, तर घास अडकतो का, रात्री आंबट पाणी घशाशी येतं का हे तिला विचारा. अन्ननलिकेची हालचाल मंदावलेली असू शकते आणि ते पाणी श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांचं आणखी नुकसान होतं. ईको आणि पीएफटी एकदा करून फाइल बंद करायची नसते. पहिली काही वर्षं साधारण दर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात.

हे सगळं एका छत्राखाली बघणारा डॉक्टर म्हणजे लहान मुलांचा रुमॅटॉलॉजिस्ट, संधिवाततज्ज्ञ. तुमच्या स्किनच्या डॉक्टरांनी योग्य संशय घेतला, त्यांचे आभार माना आणि त्यांच्याकडूनच चिठ्ठी मागा. भांडुपहून स्लो लोकलने परळ गाठलं की आचार्य दोंदे मार्गावर मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे, १९२९ पासूनचं, आणि लागूनच केईएम. केसपेपर काढताना रुमॅटॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. परळला जातोय म्हटल्यावर नातेवाईक ‘टाटाला का?’ विचारतील. त्यांना स्पष्ट सांगा, हा कॅन्सर नाही. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते लिहून घ्या.

आता मेथोट्रेक्सेट. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. हे औषध कॅन्सरमध्ये वापरतात ते कितीतरी मोठ्या मात्रेत. लहान मात्रेत ते मुलांच्या संधिवातात जगभर अनेक दशकं दिलं जातंय आणि या आजाराच्या कातडीसाठीही तेच पहिल्या औषधांपैकी एक आहे. एक गोष्ट मात्र लाल शाईने लिहून ठेवा : ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज नाही. चुकून रोज दिलं तर जीवावर बेततं, आणि ही चूक चिठ्ठी वाचताना, दुकानात, घरी, कुठेही होते. एक वार ठरवा, कालनिर्णयवर त्या वारांना गोल करा, गोळी फक्त एकाच माणसाने द्यायची. डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. ठरावीक अंतराने रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या.

सुरू करू का, या प्रश्नाचं माझं उत्तर : हो, पण आधी रुमॅटॉलॉजिस्टना भेटा, आणि ही भेट आठवड्या-दोन आठवड्यांत व्हावी, महिन्यांत नव्हे. कारण छातीत आजार निघाला तर पहिलं औषध कदाचित वेगळं असेल. फुप्फुसांसाठी आता बहुतेकदा मायकोफेनोलेट निवडतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्यांवरच्या अभ्यासात ते जुन्या सायक्लोफॉस्फामाइडइतकंच उपयोगी आणि सोसायला सोपं ठरलं. (मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट दोन्ही गर्भाला घातक आहेत. ती वयात आली की हे तिला कळायला हवं.) आजार हट्टी असेल तर टोसिलिझुमॅब, रिटुक्सिमॅब, आणि अगदी मोजक्या मुलांमध्ये स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण. मुलांमधला आजार दुर्मीळ, त्यामुळे औषधांचे बरेच पुरावे मोठ्यांवरून घेतलेले आहेत, हे खरं आहे. युरोपातल्या बालसंधिवाततज्ज्ञांनी २०२१ मध्ये मुलांसाठी शिफारशी छापल्या आहेत, त्या डॉक्टरांना उपलब्ध आहेत.

स्टिरॉइड कुणी एकदम मोठ्या मात्रेत लिहून दिलं तर थांबून विचारा. सुजेसाठी थोडं, थोडे दिवस देतात. पण मोठ्या मात्रेने या आजारात मूत्रपिंडावर अचानक संकट येऊ शकतं. मुलांमध्ये ते क्वचित घडतं, तरी बीपीवर लक्ष हवं.

औषध सुरू होण्याआधी दोन कामं उरकायची. टीबीची तपासणी, मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा आणि एक्स-रे, कारण ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि मुंबईत झोपलेला टीबी जागा व्हायला वेळ लागत नाही. आणि लसींचं कार्ड. कांजण्या, गोवर-गालगुंड-रुबेला या जिवंत लसी राहिल्या असतील तर औषधाआधी घेता येतील का विचारा. नंतर त्या देत नाहीत. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी मात्र चालतात आणि हव्यातच.

रेनोसाठी बहुधा निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन मिळेल, ही बीपीचीच औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. पुढे कधी सिल्डेनाफिल लिहिलं आणि दुकानदाराने विचित्र नजरेने पाहिलं तर लाजू नका. फुप्फुसाच्या वाढलेल्या दाबासाठी ते लहान मुलांना देतात. एक जपा : सर्दीच्या अनेक सिरपमध्ये फेनिलेफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आणखी आकसवतं. बाटलीवर ते नाव दिसलं तर घेऊ नका. आणि घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर ती बंद. गॅलरीत नव्हे, बंदच.

सासूबाईंचा जीव नातीवर आहे, म्हणूनच त्या सुचवताहेत. त्यांच्याकडे मालिश सोपवा, पण रगडायचं नाही. कोमट हाताने, हलकं खोबरेल, आणि जखमेवर नाही. फिजिओथेरपिस्टकडून बोटांचे, तोंडाचे ताण शिकून घ्या, मेणाचा शेकही मिळेल; रोज दोनदा त्यांनीच करून घेतले तर त्याहून चांगलं काही नाही, कारण आखडलेला सांधा परत सुटायला फार कष्ट पडतात. भस्म मात्र नको. अशा औषधांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे, आणि हिच्या लिव्हर-मूत्रपिंडांना आधीच खूप काम आहे. आधी दिलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, पुडी दाखवा.

जेवणाचं : मऊ भात-वरण, खिचडी, शिरा, लहान घास, थोडं थोडं पाच वेळा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, नुसती जाड उशी पुरत नाही.

शेजारच्या बाईंना एवढंच सांगा की कुष्ठरोगात चट्टा बधिर असतो आणि हिच्या बोटांना टाचणीसुद्धा कळते. हा आजार लागत नाही, तिच्या ताटात जेवल्याने, तिची वेणी घातल्याने कुणाला होत नाही. (आणि कुष्ठरोगही आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, त्या घरातल्या माणसालाही कुणी असं दारात उभं राहून विचारू नये.)

शाळेत बाईंना भेटून एसीच्या झोतापासून लांब बाक, हात धुवायला कोमट पाणी, स्वेटर घालायची मुभा आणि पेपरला थोडा जास्त वेळ मागा. लेखी द्या, डॉक्टरांचं पत्र जोडून. पोहण्याच्या गार टँकमध्ये नको, बाकी खेळू द्या.

नेटवर तुम्ही आकडे वाचले असतील. ते बहुतेक मोठ्यांचे असतात. मुलांचं भवितव्य मोठ्यांपेक्षा चांगलं असतं. पाच वर्षांनंतर दहातली साधारण नऊ मुलं आपल्यात असतात, आणि पुष्कळांची कातडी काही वर्षांनी सैलही पडते. आजार मुळापासून जातो असं मी म्हणणार नाही.

मुलीला काय सांगायचं? खरं सांगा. अकरा वर्षांची मुलगी आईचा फोन उघडून बघतेच. ‘तुझं शरीर तुझ्याच रक्तवाहिन्यांशी भांडतंय, त्याला शांत करायला ही गोळी आहे. तू काही चुकीचं केलं नाहीस. काही टेस्ट कंटाळवाण्या असतील, मी बाहेर बसलेली असेन.’ ‘मी मरणार का’ असं तिने विचारलं तर विषय बदलू नका, ‘म्हणूनच आपण लवकर तपासतोय’ म्हणा. आणि डॉक्टरांशी बोलताना तिला खोलीबाहेर पाठवू नका.

परळला जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, एएनएचा कागद, लसींचं कार्ड आणि मोबाइलवर पांढऱ्या-निळ्या बोटांचे फोटो न्या. ओपीडीत ती बोटं नेमकी गुलाबी असतील. ईको आणि पीएफटी झाली की काय आलं ते मला कळवा.